तुपाच्या डब्याचा पत्रा

"काकांनी तुपाच्या डब्याचा पत्रा कापून इंजिनात लावला होता. वाघेऱ्याच्या घाटात हादऱ्यानं तो सुटला, प्लगच्या वायरींवर पडला, वायरी जळाल्या आणि जीप जागच्या जागी ठप्प. आम्ही वाचलो ते नशीब!"

माझ्या धाकट्या भावाच्या सत्तरीनिमित्त गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात जेवण होते. तेथे माझ्या पुतण्याने, म्हणजे या भावाच्या मुलाने, हातात माईक घेऊन वरील निवेदन केले. लोक हसले. जिलेबी वाढणारा माणूसही ताट हातात धरून हसला. निवेदन तीन वाक्यांचे आहे आणि त्यांतले केवळ पहिले पुरते खरे आहे. तिसऱ्याबद्दल मी वाद घालत नाही. नशीब हा माझा विषय नव्हे. दुसरे वाक्य मात्र पत्र्यापुरते आरंभापासून अखेरपर्यंत खोटे आहे, आणि ते तसे आहे हे मी येथे सिद्ध करणार आहे.

एरवी मी ही तसदी घेतली नसती. परंतु हशा ओसरल्यावर भावाने माईक आपल्याकडे घेतला आणि म्हणाला, "दादाचं आता वय झालं. त्याच्या हाताचा भरवसा राहिला नाही. म्हणून आम्ही ठरवलंय, जीप धरणाकडच्या एका रिसॉर्टला द्यायची. ते ती फाटकाशी उभी करणार, इंजिन काढून आत माती भरणार आणि फुलझाडं लावणार. दसऱ्याला न्यायला येतायत." यावर टाळ्या पडल्या. ज्या इंजिनाचा प्रत्येक बोल्ट मी माझ्या हाताने आवळला, त्याच्या जागी झेंडूची रोपे येणार म्हणून आमचे नातेवाईक टाळ्या वाजवत होते.

जीप आमच्या वडिलांनी सरकारी लिलावात घेतलेली. पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची. वडील गेल्यावर कागदोपत्री ती दोघा भावांची झाली. प्रत्यक्षात ती माझी, कारण भावाने आयुष्यात कधी बॉनेट उघडले नाही. तो बँकेत होता. बॉनेटची कळ कोणत्या बाजूला असते हे त्याला आजही विचारून पाहावे. मी मात्र सरकारी प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा वर्ग आयुष्यभर शिकवला. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत आज जी गॅरेजे आणि वर्कशॉपे आहेत, त्यांतल्या पुष्कळांचे मालक माझ्या ओरडण्याने शहाणे झालेले आहेत. माझ्या हाताचा भरवसा नाही, हे वाक्य त्यांच्यापैकी कोणी उच्चारून दाखवावे.

हात थरथरतो, हे खरे. चहाची बशी धरताना थरथरतो. पान्हा बोल्टवर बसला की थांबतो. भावाने मला फक्त चहा पिताना पाहिले आहे.

आता मूळ प्रकरण, काही वर्षांपूर्वीचे. पुतण्या पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे आणि स्वतःला इंजिनिअर म्हणवतो. इंजिनाशी त्याचा संबंध मोबाइलवरच्या चित्रफितींपुरता. अशा एका चित्रफितीत त्याने हेडर पाहिले. इंजिनात जळलेला वायू बाहेर नेणारा मूळ भाग बिडाचा असतो. जाड, जड, दिसायला ओबडधोबड आणि वागायला भरवशाचा. हेडर म्हणजे त्याच्या जागी बसवायच्या चार पातळ, वळणदार, चकचकीत नळ्या. वायू मोकळा जातो, ताकद किंचित वाढते आणि आवाज पुष्कळ वाढतो. आमच्या पुतण्याला यातले तिसरेच हवे होते. मी एकदा सिन्नरला विद्यार्थ्याच्या मुलाच्या लग्नाला गेलो असता त्याने परस्पर बिडाचा भाग काढून हेडर बसवून घेतले. परत आलो तो गल्लीच्या तोंडाशी मला वाटले, कोणी ट्रॅक्टर आणला की काय.

बॉनेट उघडून मी पहिली गोष्ट पाहिली ती अंतर. प्लगला ठिणगीची वीज पोहोचवणाऱ्या वायरी रबरी अंगाच्या असतात. बिडाचा भाग त्यांच्यापासून लांब होता. या नळ्या मात्र बाहेर फुगून थेट वायरींच्या खाली आल्या होत्या. चढावर पहिल्या गिअरात इंजिन ओढत राहिले की नळ्या इतक्या तापतात की हात लावणे दूर, जवळही नेववत नाही. रबर त्या धगीत आधी कडक होते, मग तडकते, मग वितळते. आणि एकदा ते गेले की वीज प्लगपर्यंत जाण्याचे कष्ट घेत नाही, शेजारच्या लोखंडात उडी मारते. वर्गात माझा नियम होता: तापणारे लोखंड आणि वायर यांच्यामध्ये दोन बोटे आडवी मावली पाहिजेत. ज्याची मावली नाहीत त्याचा जॉब नापास, मग त्याने बाकी इंजिन सोन्याचे का केलेले असेना. पुतण्याच्या या कामात करंगळी मावत नव्हती.

"काका, त्याचा बंदोबस्त केलाय," तो म्हणाला आणि त्याने मला वायरींवर चढवलेली तांबडी विणीव नळी दाखवली. काचेच्या धाग्याची होती, ऑनलाइन मागवलेली. पाकिटावर हजार अंश असे छापले होते.

"हजार अंश कोणाला?" मी विचारले. "नळीला की आतल्या रबराला?"

"म्हणजे?"

"म्हणजे तव्यावर फडकं अंथरून त्यावर लोण्याचा गोळा ठेव. फडकं जळणार नाही कदाचित. लोण्याचं काय होतं ते मला येऊन सांग."

आवरण उष्णतेला उशीर लावते, अडवत नाही. अडवते ते अंतर, आणि अंतर नसेल तर मधला पडदा. हे समजायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. चुलीपुढे बसलेली बाई पदर कुठे धरायचा ते जाणते. पण हेडर काढायला पुतण्या तयार नव्हता आणि भावाने मला सांगितले, "दादा, पोराची हौस आहे, राहू दे." म्हणून मी पडदा केला.

साजूक तुपाचा मोठा डबा होता, त्याचा पत्रा. हसणाऱ्यांना 'तुपाचा डबा' या शब्दांत विनोद दिसतो. पत्र्याला तो कशाचा होता हे ठाऊक नसते. जाडी किती आणि वाक कसा, एवढेच त्याला ठाऊक असते. मी दोन थर केले, मध्ये हवेसाठी फट ठेवली, कडा मुडपल्या, आणि तो पडदा नळ्या व वायरी यांच्यामध्ये दोन बोल्टवर उभा केला. त्याच्या वरच्या कडेला बॅकेलाइटची, म्हणजे उष्णतेने न वितळणाऱ्या कडक प्लास्टिकची, एक फणी रिव्हेट मारून बसवली. प्रत्येक वायर फणीच्या एकेका खाचेत, वर उचललेली, दुसरीला न शिवणारी. म्हणजे पत्रा नुसता आडोसा नव्हता. वायरींना उचलून धरणारा हातही तोच होता. हे लक्षात ठेवावे. पुढचे सारे याच्यावर आहे. त्या पत्र्यासह जीप तीन वेळा त्र्यंबकला आणि एकदा चांदवडचा चढ चढून आली. मिसिंग नाही, म्हणजे एकही ठिणगी चुकली नाही; वास नाही, काही नाही.

मग खंडेनवमी आली. आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, आणि पाटावर मांडलेले हत्यार दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत उचलत नाहीत. इतर लोक गाडीची पूजा दसऱ्याला करतात. वडील जीपची पूजा आदल्या दिवशी, हत्यारांबरोबर करीत. "ती वाहन नाही, हत्यार आहे," असे ते म्हणत. म्हणून त्या दिवशी जीपही विसावते. हा नियम माझ्या पुतण्याला रांगत्या वयापासून ठाऊक आहे.

सकाळी तो इंजिन धुवायला बसला. पुण्याहून त्याचे दोन मित्र आले होते आणि त्यांना चकचकीत नळ्या दाखवायच्या होत्या. नळ्यांपुढे उभा असलेला पत्रा त्याने सोडवला आणि पान्ह्यांच्या शेजारी बाकावर ठेवला. माझी सूनबाई पूजा मांडत होती. तिने बाकावरचे सगळे उचलून पाटावर मांडले, त्यात पत्राही गेला. मी पूजेला बसलो तेव्हा हातोडा आणि पकडीच्या मध्ये तो उताणा पडलेला दिसला.

"हा इथं कसा?" मी विचारले.

"धुवायला काढला काका," पुतण्या म्हणाला. "उद्या लावतो. आज पूजेत असू दे की, तुमच्या हातचा आहे."

गोड बोलणे हे त्याचे एकमेव तांत्रिक कौशल्य आहे. जीप आज हलणार नाही या समजुतीने मी ते मान्य केले. ताटलीत कुंकू कालवले होते. पाटावरच्या एकेका वस्तूला मी बोट लावले, पत्र्यालाही लावले. मग बाहेर येऊन बॉनेटखाली, त्या चार नळ्यांनाही एकेक बोट. मला त्या नळ्या आवडत नव्हत्या, पण खंडेनवमीला राग धरायचा नसतो. त्यानंतर मी सातपूरला गेलो. एका जुन्या विद्यार्थ्याच्या वर्कशॉपमध्ये मशिनांची पूजा होती आणि नारळ मीच फोडायचा असा त्याचा दरवर्षीचा आग्रह असतो.

मी गेल्यावर घरी जे घडले ते मला त्याच दिवशी सूनबाईने सांगितले. मित्रांना घाटात आवाज ऐकवायचा होता. निमित्त काढले आपट्याच्या पानांचे: शहरात विकतात तो आपटा खरा नसतो, हरसूलकडून खरा आणू. भाऊ पुढच्या सीटवर जाऊन बसला. निघताना पुतण्याला पत्र्याची आठवण झाली, एवढे श्रेय मी त्याला देतो. तो घरात आला आणि पाटाकडे हात लांबवला, तशी सूनबाई म्हणाली, "अहो भाऊजी, पूजेतली वस्तू उचलायची नाही!" त्याने हात मागे घेतला. "बरं वहिनी, नियम म्हणजे नियम," असे म्हणून तो बाहेर गेला आणि पूजेतली जीप घेऊन निघून गेला.

यावर काही भाष्य करण्याची मला गरज वाटत नाही. धर्म पाळावा तर एवढ्याच काटेकोरपणे पाळावा: पत्र्यापुरता.

दुपारी सातपूरला भावाचा फोन आला. "दादा, तुझी जीप बंद पडली." चालत असते तोवर ती त्याच्या मुलाची असते, बंद पडली की माझी होते. विद्यार्थ्याने त्याच्या गाडीतून मला गिरणाऱ्याला नेले. तेथे टोमॅटोच्या बाजारात क्रेटच्या थप्प्यांमध्ये आमची जीप उभी होती. वाघेऱ्याच्या घाटातून तिला एका पिकअपवाल्याने दोर लावून ओढत आणले होते. तो टपावर रेलून उभा होता.

"बाबा, ही तुमची का?"

"माझीच."

"आवाज तर लय वाघावानी हाय. घाटात गाठ पडली तवा पार मांजर झाली व्हती. फट्-फट् करी, धूर सोडी, अन् जागची हाले नाय."

पुतण्या पुढे झाला. "काका, वायरी लोकल निघाल्या हो."

"वायरीचं काय घेऊन बसले," पिकअपवाला म्हणाला, "डायवर लोकल हाय."

मी त्या गृहस्थाला माझ्या वर्गात परीक्षेवाचून घेतले असते.

भाऊ रस्त्यापलीकडे टपरीवर चहा घेत होता. मी बॉनेट उघडले. पत्र्याचे दोन्ही बोल्ट रिकामे उभे होते. फणीच नसल्यामुळे चारही वायरी खाली लोंबल्या होत्या आणि मधल्या दोन सरळ नळ्यांवर जाऊन पडल्या होत्या. हजार अंशांची तांबडी नळी जागेवर होती. ती खरोखर जळली नव्हती. मी ती चाकूने उभी चिरली. आत रबर नव्हते, डांबर होते. नळ्यांवर सकाळी लावलेली कुंकवाची बोटे कोळशासारखी काळी झाली होती. अंगठ्याने खरवडली तर काजळी निघाली.

"पत्रा कुठं आहे?" मी विचारले.

"घरीच राहिला काका. वहिनींनी उचलू दिला नाही."

हे शब्द त्याने माझ्यासमोर, टोमॅटोच्या क्रेटला साक्षी ठेवून उच्चारले. चहाची टपरी पलीकडे होती, म्हणून भावाने ते ऐकले नाहीत. ऐकले असते तरी आज त्याला आठवले नसते, अशी माझी खात्री आहे.

दसऱ्याला उत्तरपूजा झाल्यावर मी ते हेडर काढून पुतण्याच्या हातात दिले आणि बिडाचा भाग परत बसवला. त्यामुळे पत्र्याची गरज उरली नाही. तो पूजेतून उचलला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्या पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवून दिला. नव्या वायरी टाकल्या. त्यानंतर जीप एकदाही रुसलेली नाही.

रुसली नाही, पण गोष्ट वाढत गेली. पहिल्या वर्षी ती 'वायरी लोकल होत्या' अशी होती. दुसऱ्या वर्षी 'हेडरची उष्णता जरा जास्त झाली' अशी झाली, म्हणजे सत्याच्या बरीच जवळ येऊन गेली. मग पुतण्याच्या लक्षात आले असावे की हेडर त्याचे होते. तेव्हा या वर्षी पत्रा सुटला, वायरींवर पडला आणि दोषासकट माझ्या पदरात आला. खोट्याला एक बरे असते, त्याला दर वर्षी नवा भाग बसवता येतो आणि कोणी दोन बोटे घालून पाहत नाही.

समारंभाहून परतल्यावर मी सूनबाईला विचारले. ती समंजस आहे. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो आणि घर तीच सांभाळते. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण ती काय म्हणाली ते नोंदवणे भाग आहे.

"बाबा, मी म्हटलं असेन उचलू नका म्हणून. आता नक्की आठवत नाही. आणि आठवलं तरी त्यांच्या सत्तरीला कोणाला खोटं पाडू?"

"म्हणजे मी खोटा पडलो तरी चालेल?"

"तुम्ही कुठं पडता, बाबा," ती हसून म्हणाली आणि कुकरकडे गेली.

मोठ्या मनाने साऱ्यांना सांभाळून घेणाऱ्या माणसांनी जगात जेवढे असत्य टिकवून ठेवले आहे तेवढे लबाडांनी ठेवलेले नाही. असो.

काल भाऊ जीपची किल्ली मागायला आला. दसरा चार दिवसांवर आहे. किल्ली माझ्या खिशात होती आणि माझा हात खिशात होता.

"दादा, कशाला ताणतोस? झालं ते झालं. कोणाचं तरी चुकलं."

"इंजिनात 'कोणाचं तरी' असा भाग नसतो," मी म्हणालो. "प्रत्येक भागाला नाव असतं."

"बरं, तुझं नाही चुकलं. खूश?"

"नाही. तू उपकार म्हणून म्हणतोयस. माझ्या हातानं केलेला पत्रा सुटला नव्हता. तो त्या दिवशी जीपमध्येच नव्हता."

"अरे, पण पुरावा काय? पोरगा म्हणतो होता, तू म्हणतोस नव्हता. मी पुढं बसलो होतो, मला काय बॉनेटच्या आत दिसतं?"

"नळ्यांवर मी कुंकू लावलं होतं, ते तरी पाहिलंस?"

"ते पाहिलं ना. तू इकडं आणलीस जीप तेव्हा सूनबाई पुसत होती ते. काळं झालं होतं पार. तीच म्हणाली, अपशकुन वाटतो हो."

"आणि पाटावरच्या वस्तूंना त्याच वेळी, त्याच ताटलीतलं लावलं, हे मान्य?"

"मान्य. मी शेजारीच तर बसलो होतो. पत्र्यालाही लावलंस. पण नंतर पोरानं तो जीपला लावला असेल की!"

"असेल," मी म्हणालो, "तर तो तापलेल्या नळ्यांना तोंड करून वाघेऱ्याचा घाट चढला असेल."

मी पेटी ओढली, तळाचे वर्तमानपत्र काढले आणि घडी न उलगडता त्याच्या हातात दिले. उलगडण्याचे काम त्याच्याकडून झालेले मला हवे होते. पूजेत पत्रा उताणा होता. म्हणजे बोट लागले ते त्याच्या आतल्या बाजूला, जिचे तोंड बसवल्यावर नळ्यांकडे असते. भावाने चष्मा लावला, कागद बाजूला केला आणि पत्रा खिडकीच्या उजेडात धरला. तुमच्यापैकी ज्यांना माझ्या हाताचा भरवसा नाही त्यांनीही येऊन पाहावा. तो मी आता पेटीत नव्हे, दिवाणखान्यात टेबलावर ठेवला आहे.

त्यावरचे कुंकू लाल आहे.